रात्री दोनची प्रत

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड, सकाळ]

राजापुरी हळदीचा सौदा चाललाय. पोत्यांवरून उडालेली पिवळी धूळ आत अडत दुकानातल्या कीबोर्डवरही बसते. दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, करतायत. पट्टी आता कॉम्प्युटरवर निघते, आणि रात्री दोन वाजता एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवते.

उतरवायची, असं म्हणू.

दिवाणजी जाताना लॉगआउट करत आणि काम चुके. ते 'युजर लॉग-ऑन असेल तरच' या अटीवर लावलेलं. म्हणून मीच टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, अकाउंट बदललं, 'सिस्टिम' हे विंडोजचं स्वतःचं अकाउंट केलं. रोज सकाळी निकाल शून्य. म्हणजे चूक नाही.

दसऱ्याला डिस्क उघडली. शेवटची फाइल जूनची.

[स्क्रीन, अगदी जवळून]

ही ओळ बघा. कॉपी, हिशेबाची फाइल, मग %बीकेपी%, उलटी तिरकी रेघ, पुन्हा फाइलचं नाव. बीकेपी म्हणजे ई ड्राइव्ह, तीच बाहेरची डिस्क. पण हे व्हेरिएबल, म्हणजे पत्त्याला दिलेलं टोपणनाव, दिवाणजींच्या अकाउंटपुरतं होतं. सिस्टिमला ते कुठलं दिसायला? आणि बॅच फाइलमध्ये नसलेलं व्हेरिएबल बोंब मारत नाही, गपचूप रिकामं होतं. उरली नुसती रेघ. तिचा अर्थ चालू ड्राइव्हचं मूळ. काम कुठल्या फोल्डरमधून सुरू करायचं ते सांगणारं 'स्टार्ट इन' कोरं सोडलं की काम सिस्टिम ३२ फोल्डरमधून सुरू होतं, म्हणजे सी ड्राइव्ह. प्रत रोज निघत होती, पण मूळ हिशेबाच्याच हार्ड डिस्कवर, कालच्यावर आजची. हरिपूरला आपली हळद भलत्याच पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरावी, तसं. शून्य काही खोटं नव्हतं.

[टेबलावर दोन कागद]

'सेट' ही सगळी व्हेरिएबलं दाखवणारी आज्ञा दोन्ही अकाउंटांतून चालवली, उत्तरं छापली. युजरनेमपुढे एकीकडे दिवाणजींचं नाव. दुसरीकडे कॉम्प्युटरचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. युजरप्रोफाइल, टेम्प, दोन्हींचे पत्ते वेगळे. दिवाणजींनी चष्मा वर केला.

"म्हणजे रात्रपाळीला दुसराच गडी यायचा की!"

लिनक्सवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, बहुधा दोनच फोल्डरांचा मिळतो. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट तिथे अडते.

आता बॅच फाइलमध्ये ई ड्राइव्हचा पत्ता सरळ लिहिलाय. दिवाणजी सकाळी आले की निकालाचा शून्य बघत नाहीत. डिस्क उघडतात, कालची तारीख बघतात, मग चहा सांगतात.