काचेतलं पोवळं

नमस्कार श्रोतेहो.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीचं नाव निघालं, की भिंतीभिंतीवरून रोखून बघणारा बिग ब्रदर आठवतो. आज मला बोलायचंय ते मुठीत मावेल अशा एका वस्तूबद्दल.

विन्स्टन, म्हणजे कादंबरीचा नायक, लंडनमधल्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानातून काचेचा पेपरवेट घेतो. चार डॉलरला. एका अंगानं गोल, दुसऱ्या अंगानं सपाट. काच पावसाच्या पाण्यासारखी मऊ, आणि आत गुलाबी पोवळं. वस्तू बिनकामाची, म्हणूनच त्याला ती जास्त आवडते. पण खिशात घालून चालताना धास्तीही वाटते, कारण सत्ताधारी पक्षाच्या माणसाजवळ असं काही सापडलं तर संशय यायचाच.

एवढं भय कशाचं? विन्स्टनची नोकरीच बघा. सत्य मंत्रालयात बसून तो वर्तमानपत्रांचे जुने अंक बदलतो. चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, हे सरकारी आश्वासन तो स्वतःच्या हातानं पुसून टाकतो. रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणल्याचं जाहीर होतं, आणि दुसऱ्याच दिवशी टेलिस्क्रीन, म्हणजे भिंतीवरचा बोलणारा आणि पाळत ठेवणारा पडदा, सांगतो, २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल लोकांनी आभाराचे मोर्चे काढले! शेजारचा पार्सन्स ते सहज मान्य करतो. आठवण एकट्या माझ्याकडेच उरलीय का, हा विन्स्टनचा प्रश्न मला पुढच्या छळाच्या प्रसंगांहून भयंकर वाटतो. काल ताटात किती होतं हेच आठवेनासं झालं, तर माणूस आज मागणार तरी काय?

कागदावरचं बदलता येतं, काचेतलं पोवळं नाही. इतिहासाचा हा एवढासा तुकडा बदलायचा पक्षवाले विसरलेत, असं विन्स्टन त्याच्या प्रेयसीला, ज्युलियाला, सांगतो.

ऑर्वेल स्वतः १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीवरून हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत. घराघरात शिरणाऱ्या आवाजाची ताकद त्यांनी आतून पाहिली होती. माझं हे बोलणं तुम्ही आत्ता बंद करू शकता. विन्स्टनच्या घरातल्या टेलिस्क्रीनचा आवाज फक्त कमी होतो.

शेवटी त्याच दुकानाच्या माडीवर त्याला आणि ज्युलियाला पकडतात. कुणीतरी पेपरवेट शेगडीपुढच्या दगडावर आपटतं. पोवळ्याचा कण घरंगळत जातो. किती लहान होतं ते, विन्स्टनच्या मनात येतं. मग म्हातारा दुकानदार आत येतो आणि म्हणतो, "ते तुकडे उचला." त्याच्या बोलण्यातला नेहमीचा हेल गेलेला असतो. थोड्याच वेळापूर्वी भिंतीवरच्या चित्रामागून, टेलिस्क्रीनमधून बोललेला आवाज कुणाचा होता, ते विन्स्टनला आत्ता कळतं.