दहा वाजता उघडणारा गुलाब

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जाऊबाईंनी 'मॉस रोज'चं बी मागवलं. पाकीट फोडलं तर आत रव्यासारखं बारीक, काळपट बी. "गुलाबाचं बी असलं असतं होय गं?" असं म्हणून त्या माझ्यावरच घसरल्या, कारण पाकीट मीच सुचवलं होतं. महिन्याभरात कुंडीतून सुईसारखी पण गुबगुबीत पानं वर आली आणि जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं ऑफिस टाइम!"

तेच ते, सकाळी दहाच्या सुमाराला फुलणारं. कुणी चिनी गुलाब म्हणतं, कुणी पोर्चुलाका. खरं तर हे झाड ना चीनचं, ना गुलाबाच्या घराण्यातलं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलकडचं. पानं शेवाळासारखी दाट पसरतात आणि दुहेरी फूल छोट्या गुलाबासारखं दिसतं, म्हणून इंग्रजांनी त्याला मॉस रोज म्हटलं. गंमत अशी, की खराखुरा मॉस रोज वेगळाच आहे. तो युरोपातला जुना, शंभर पाकळ्यांच्या जातीतला गुलाब. त्याच्या कळीवर आणि देठावर शेवाळासारखी चिकट लव असते, बोटाने चोळली की राळेसारखा वास येतो. तो मी सांगलीत कुठल्या नर्सरीत पाहिलेला नाही.

नावांचा हा घोळ आपल्याकडेही आहेच. 'गुल' म्हणजे फारसीत फूल. म्हणून गुलमोहर, गुलबक्षी, गुलछडी. शेजारच्या साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो, तिथे कुणी त्या झाडाला गुलाब समजत नाही. 'रोज' हा शब्द लागला की मात्र आपण फसतो. अडेनियमला डेझर्ट रोज म्हणतात. दिसायला देखणं, पण कण्हेरीच्या कुळातलं, चीक विषारी. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

घोळ शब्द निघालाच आहे, तर सांगते. आपली घोळीची भाजी ही या ऑफिस टाइमची सख्खी बहीण. तिचं पान चपटं, फूल इवलंसं पिवळं. चिवळ तिच्याहून लहान, तीही याच घरातली. ही झाडं दिवसा तहान सोसतात. पाण्याचा ताण पडला, की पानांची तोंडं दिवसा मिटून घेतात आणि रात्री हवा आत ओढतात. ती पानात आम्ल होऊन साठते आणि दिवसा उन्हात वापरली जाते. म्हणून कोरड्या रानातली घोळ पहाटे खुडली तर जास्त आंबट लागते, दुपारनंतर तेवढी नाही. सासूबाई नेहमी सकाळचीच घोळ आणायला सांगायच्या, कारण विचारलं तर "चव असती" एवढंच. खुडताना एक बघा: देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या. आणि नर्सरीतली शोभेची रोपं भाजीत घालू नका, त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात.

रंगाचंही असंच. गुलाबाचा लाल आणि ऑफिस टाइमचा लाल एक नाही. याचा रंग बीटाच्या, बोगनवेलीच्या जातीचा.

लावायला बी कशाला हवं? शेजारणीकडून बोटभर फांदी मोडून आणा, खोचा, झालं. मातीत निम्मी वाळू आणि दिवसभराचं ऊन. कुंडीखाली ताटली ठेवू नका, साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा फुगायला लागली की मी कुंड्या जिन्याच्या पत्र्याखाली ओढते. २०१९च्या महापुराच्या त्या पावसात माझी सगळी रोपं सडली, कारण मला तेव्हा हे सुचलंच नाही. आता चार फांद्या वेगळ्या डब्यात असतातच.

माझ्या मते या झाडाचं खरं नाव वेळेचंच. केरळात त्याला पत्तुमणी म्हणतात, म्हणजे दहा वाजता. व्हिएतनाममध्येही नावाचा अर्थ दहा वाजताच. एकमेकांना न विचारता लोकांनी त्याची हजेरी बरोबर टिपली.

आज गच्चीत गेलात तर एक करून बघा. फूल पूर्ण उमललं, की मधल्या पिवळ्या केसरांना झाडूच्या काडीने हलकेच शिवा. ते हलतात, शिवलेल्या बाजूला कलतात. मात्र आभाळ भरलेलं असेल तर उगीच जिना चढू नका, त्या दिवशी ऑफिसला सुट्टी असते.

नमस्कार.