डिस्क बदलण्याआधी हब घासा

मंडळी, ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरतं, असं किती जणांच्या गाडीला होतं? हात वर करा. आता यातल्या ज्यांना ‘डिस्क वाकली’, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती वाकली, असं सांगितलं गेलं नाही, त्यांनी हात खाली घ्या. बघा, एकही हात हलला नाही!

या ‘वाकली’ शब्दावर माझा राग आहे. तो उच्चारला की तपासणी तिथंच संपते.

माझी पुतणी वाईत राहते, नोकरी पाचगणीला. रोज पसरणी घाट. गाडी नवी, चौदा हजार किलोमीटर झालेली. ब्रेक मारला की थरथर. वर्कशॉपमध्ये म्हणाले, “मॅडम, तुम्ही घाटात ब्रेक फार दाबता. डिस्क वाकल्या. झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही.” तिनं पैसे भरले. पाच हजार किलोमीटर गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. उत्तरही तेच. पोरगी रडवेली होऊन आली, “काका, मला खरंच गाडी चालवता येत नाही का हो?”

मी चाक काढायला बसलो, तर नट हलेना. पान्याला पाइप घालून अंगाचा भार टाकला तेव्हा सुटला. रात्री खंबाटकीच्या बोगद्यापुढं ती एकटी असताना टायर पंक्चर झालं असतं तर काय केलं असतं तिनं? एअर गननं नट असे आवळणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

डिस्क उतरवली. मागं हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा पापुद्रा. पाचगणीचं धुकं आणि तिथला पाऊस, गंज धरणारच. त्या गंजावरच नवी डिस्क चढवलेली. डुलणं मोजणारं डायल गेज लावलं, तर कडेला 0.12 मिलिमीटर डुलत होती. बहुतेक गाड्यांना 0.05 च्या आत हवं.

डिस्क तिरपी बसली की ब्रेक न दाबतासुद्धा दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला, म्हणजे ब्रेक मारल्यावर डिस्कला आवळणाऱ्या गुटक्याला, घासते. हजारो किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते. 0.02 मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या साधारण पाव जाडीचा फरकही पायाला आणि हाताला जाणवतो. म्हणून नवी डिस्क आधी बरी वाटते आणि दुखणं परत येतं. दोष डिस्कच्या मागं बसलेला असतो.

घाटाचा वाटा नाही असं नव्हे. पाचगणी ते वाई साडेपाचशे मीटरहून जास्त उतार. बाराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची तर वीसेक लिटर पाणी उकळेल इतकी ऊर्जा जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली आणि खाली येऊन पेडल दाबून थांबलात, तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. त्यानंही गाडी थरथरते, आणि त्यालाही लोक वाकणंच म्हणतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. उपाय सांगायचे राहिलेत, भरभर सांगतो.

ब्रेक न लावता थरथर असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा. फक्त ब्रेकवर असेल आणि स्टिअरिंग हलत असेल, तर बहुधा पुढच्या डिस्क. समोर उभं राहून हब तारेच्या ब्रशनं घासून घ्या, गेज लावायला सांगा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्या वर पुरेशी जाडी असेल तर डिस्क लेथवर फिरवून सपाट करून घेता येते. चाकाचे नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा, तेही ठरावीक जोर मोजून लावणाऱ्या टॉर्क पान्यानं. आकडा गाडीच्या पुस्तकात आहे.

उतारावर खालचा गिअर. ब्रेक टेकवून ठेवू नका, नीट दाबा आणि सोडा. खाली आल्यावर थोडं अंतर ब्रेक न लावता जाऊ द्या. घाट उतरून लगेच गाडी धुवायला नेऊ नका. खूप तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं तर डिस्क खरोखरच वाकू शकते. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत वेग आणा, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता.

पुतणीच्या गाडीचे हब घासले, त्याच डिस्क लेथवर हलक्या फिरवून बसवल्या. गेजवर 0.03. पुढं वीस हजार किलोमीटर झाले, रोजचा घाट धरून.

गेज मी पिशवीत आणलंय. ज्यांची गाडी थरथरते त्यांनी बाहेर थांबा. जॅक धरायला दोघं जण या.