गोम दिसली की आधी ओल शोधा

श्रोतेहो, नमस्कार. रात्री उठून न्हाणीघराचा दिवा लावावा आणि भिंतीवरून काहीतरी सरसर पळावं. बारीक अंग, चहूबाजूंनी केसासारखे लांब पाय. आपला हात आधी चपलेकडे जातो. आज मला बोलायचंय ते हिच्याबद्दल, लांब पायांच्या घरगुती गोमेबद्दल.

ओळख सोपी आहे. अंग इंच-सव्वा इंच, रंग पिवळट करडा, पाठीवर तीन गडद उभे पट्टे आणि पायांच्या 15 जोड्या. पाय असे पसरलेले की ती आहे त्याहून तिप्पट मोठी वाटते. वाणी म्हणजे पैसा वेगळा. तो सावकाश चालतो, डिवचला की वेटोळं करतो. आखूड पायांची, जाड, चपटी गोमही वेगळी. तिचा दंश चांगलाच ठणकतो. आपली ही लांब पायांची सहसा चावत नाही. हातात दाबली गेली तर चावेल, तेव्हा नुसत्या हाताने धरू नका. लांब पाय आणि पाठीवर तीन पट्टे, एवढं ध्यानात ठेवा.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आत्या राहायला आली होती. रात्री दोनच्या सुमाराला मी न्हाणीघरात गेलो, तर बेसिनच्या वरच्या फरशीवर गोम. मी चप्पल हाणली. गोम निसटली, पण तिचे दोन पाय फरशीवर पडले आणि पडल्यावरही वळवळत राहिले. मी वाकून पाहत होतो. आकडी आल्यासारखे ते आखडत होते, सुटत होते. गोम असे पाय स्वतःच सोडून देते, शत्रू त्यांच्याकडे पाहत बसतो आणि ती पसार होते. पुढे कात टाकताना नवे पाय फुटतात. गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही असं आपण म्हणतो, ते मी त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

आवाजाने आत्या जागी झाली. दारात उभी राहून म्हणाली, "अरे, मारतोस काय? ती जाते कुठे ते बघ."

दुसऱ्या रात्री दिवा न लावता आम्ही दोघं विजेरी घेऊन बसलो. तासाभराने ती आली, दोन पाय कमी असलेली तीच. भिंतीवरून उतरली आणि बेसिनखालच्या कपाटाच्या फटीत शिरली. सकाळी कपाट रिकामं केलं. मागचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले होते. पाइपच्या जोडातून थेंब थेंब पाणी पडत होतं, कोण जाणे किती महिने. खाली रद्दीचा गठ्ठा ओला झाला होता. तो उचलला तर चंदेरी कसर चारी दिशांना पळाली आणि मागे झुरळांची पिल्लं. आत्या एवढंच म्हणाली, "खरी गोम इथे आहे."

रद्दीवरून सांगतो, रिकामी खोकी आणि जुने कागद "लागतील कधीतरी" म्हणून साठवणं मला बिलकूल पटत नाही. लागत नाहीत. आणि बिनखिडकीची न्हाणीघरं बांधतात, ती तर बांधूच नयेत असं माझं ठाम मत आहे. ओल जाणार कुठून?

तर मुद्दा ओलीचा. गोमेच्या कातडीला पाणी धरून ठेवणारा मेणासारखा थर नसतो, कोरड्या हवेत ती सुकते. म्हणून ती ओल शोधते. दुसरं, ती शिकारी आहे. झुरळं, कसर, वाळवी, कोळी खाते. तेव्हा ती दिसली याचा अर्थ घरात पाणी आहे आणि किडेही आहेत. पाणी आणि किडे, हे दोन्ही गेले की ती टिकत नाही.

म्हणून गळके जोड बदला, न्हाणीघराचा पंखा अंघोळीनंतरही चालू ठेवा, मोरीला बारीक जाळी बसवा, पाइपभोवतीच्या आणि दाराखालच्या फटी बुजवा. फवाऱ्यावर विसंबू नका. अंगावर थेट मारला तर ती मरते, पण फवारलेल्या फरशीवरून ती अंग उंच उचलून चालते, औषध तिला फारसं लागत नाही. त्यापेक्षा कोपऱ्यात चिकट पट्टी ठेवा. तिच्यावर काय काय अडकतं ते बघा, म्हणजे घरात कोण राहतंय ते कळतं. समोर दिसलीच तर वर पेला पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि बाहेर सोडा.

आमच्याकडे जोड बदलला, कपाट चार दिवस उघडं ठेवून वाळवलं, रद्दी गेली. पहिल्या आठवड्यात पट्टीवर अकरा कसरी होत्या. महिन्याने दोन. ती दोन पाय कमी असलेली गोम मात्र पट्टीवर कधी आलीच नाही आणि भिंतीवरही परत दिसली नाही. आत्या अजून फोनवर तिची चौकशी करते.

नमस्कार.