स्ट्रॉयेट: कोपनहेगनचा पायी चालायचा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार. आज डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, एका रस्त्यावरून चालायचं आहे. रस्त्याचं नाव स्ट्रॉयेट. लांबी साधारण 1.1 किलोमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी दहा-बारा मीटर. गंमत अशी की या नावाचा पत्ता कुठल्याच दारावर नाही. जुने रस्ते आणि चौक एकापुढे एक लागत गेले आणि लोकांनी सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं. टाउन हॉलसमोरून निघालं की आधी फ्रेडरिक्सबेर्गगाडे, मग गामेलटॉर्व आणि न्यूटॉर्व हे जोडचौक, पुढे न्यूगाडे, विमेलस्काफ्टेट, अमागेरटॉर्व आणि शेवटी ऑस्टरगाडे. ती संपते काँगेन्स न्यूटॉर्व या मोठ्या चौकात.

हा भाग दोनदा जळला. पहिली आग ऑक्टोबर 1728 ची. ती पश्चिम वेशीजवळ लागली आणि शहराचा चौथाईहून जास्त भाग गेला. फ्रेडरिक्सबेर्गगाडे आखली गेली ती या आगीनंतर. दुसरी आग जून 1795 ची. नौदलाच्या गोदीत पेटली, लाकडाच्या साठ्यावर वाढली आणि गामेलटॉर्वपर्यंत येऊन जुना टाउन हॉल खाऊन गेली. त्यानंतर नियम आला: नाक्यावरच्या घराचा कोपरा काटकोनात बांधायचा नाही, तिरका कापायचा. कारण साधं होतं. आगीच्या बंबाच्या लांब शिड्या काटकोनी कोपऱ्यावर वळत नव्हत्या, अडकत होत्या. आजही कोपनहेगनच्या जुन्या भागात फिरताना नाक्यावरची घरं बघा. कोपरा तिरका कापलेला दिसला, तर घर बहुधा 1795 नंतरचं. अमागेरटॉर्ववर सहा नंबरचं घर मात्र 1616 चं आहे. दोन्ही आगींतून ते वाचलं.

गामेलटॉर्वमधलं कारंजंही थांबून बघण्यासारखं. राजा चौथा क्रिस्तियान याने ते 1608 मध्ये उभारलं. पंप नव्हता. शहराबाहेरच्या एमड्रुप तळ्याचं पाणी नळाने, निव्वळ उताराच्या जोरावर इथवर यायचं. राजघराण्यातल्या वाढदिवसाला आजही या पाण्याच्या धारेवर सोनेरी सफरचंदं नाचवतात. आणि हाच तो राजा, ज्याच्या काळात 1620 मध्ये डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायक राजांकडून तमिळ किनाऱ्यावरचं तरंगमबाडी हे गाव मिळवलं. पुढे तंजावरला भोसल्यांचं राज्य आलं आणि या डॅनिश ठाण्याला मराठी दरबाराशी व्यवहार ठेवावा लागला. आपल्या शाळांच्या इतिहासात तंजावरला दोन ओळीही धड मिळत नाहीत. मिळायला हव्यात.

असो, रस्त्यावर परत येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्ट्रॉयेट मोटारींनी भरून गेला होता. मधे गाड्या, गाड्यांत घुसलेल्या सायकली, आणि दोन्ही कडांना अरुंद फुटपाथवर दाटीवाटीने माणसं. नाताळच्या खरेदीत दोनेक दिवस गाड्या बंद ठेवायची पद्धत होती. तेवढाच धागा शहराचे एक बोर्गमेस्टर, म्हणजे एकेक खातं सांभाळणाऱ्या महापौरांपैकी एक, आल्फ्रेड वासार्ड यांनी धरला. शनिवार, 17 नोव्हेंबर 1962 रोजी रस्ता गाड्यांना बंद झाला. कायमचा नाही हं, फक्त प्रयोग म्हणून. दुकानदार हवालदिल झाले: गाड्या नाहीत तर गिऱ्हाईक कुठून येणार? आणि लोक म्हणाले, आपण डॅनिश आहोत, इटालियन नाही. या थंडीत रस्त्यावर रेंगाळणार कोण?

लोक रेंगाळले. 1964 मध्ये प्रयोगाचा निर्णय कायम झाला. पण लोक का रेंगाळले, हे कोणाला सांगता येत नव्हतं. आता खरी गोष्ट.

यान गेल नावाचा एक तरुण वास्तुरचनाकार होता. बायको मानसशास्त्राची. वास्तुरचनाकार इमारती बघतात, माणसं का बघत नाहीत, हा तिचा प्रश्न त्याच्या मागे लागला. मग हा गडी स्ट्रॉयेटवर जाऊन बसू लागला. दर मंगळवारी आणि शनिवारी, पाऊस असो की बर्फ. किती माणसं गेली, किती थांबली, कुठे थांबली, हे मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

त्याला दिसलं की कडाक्याच्या थंडीत माणसं उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवसापेक्षा 35 टक्के जोरात चालतात. हिशेब करून बघा. हिवाळ्यात हा रस्ता बारा मिनिटांत संपत असेल, तर उन्हाळ्यात सोळा मिनिटं लागतील. दोन्ही दिवशी येणारी माणसं तितकीच, तरी उन्हाळ्यात रस्ता तिसऱ्या हिश्शाने जास्त भरलेला दिसणार. म्हणजे रस्ता भरतो तो फक्त येणाऱ्यांनी नाही, रेंगाळणाऱ्यांनी.

गर्दीलाही मर्यादा सापडली. रुंदीच्या प्रत्येक मीटरला मिनिटाला दहा ते पंधरा माणसं, इथवर ठीक. अकरा मीटर रुंदीला साधारण 145 माणसं. त्यापुढे दोन उलट्या रांगा तयार होतात. मग लेकराचा हात धरून मधेच थांबता येत नाही, आजीला रमतगमत जाता येत नाही.

आणि थांबण्याची गोष्ट तर फार सुंदर आहे. बँकेसमोर, ऑफिससमोर जवळजवळ कोणी थांबत नव्हतं. (बँकांना बाजारपेठेत तळमजला देऊच नये, वरचा मजला द्यावा. एक बँक आली की तेवढा रस्ता मरतो.) खेळण्यांच्या, खाण्याच्या दुकानांसमोर माणसं थांबायची. पण सगळ्यात जास्त कुठे? एका बांधकामाच्या कुंपणापाशी! खोदकाम चालू असताना तिथे जितके लोक थांबले, तितके एकाही मोठ्या दुकानाच्या सजवलेल्या काचेसमोर थांबले नाहीत. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. खड्डा तोच, यंत्रं तीच, फक्त कामगार डबे घेऊन बाजूला गेले. कुंपणापाशी कोणी उरलं नाही. कामगार परतले, बघेही परतले.

ऐकलंत ना? लोक खड्डा बघत नव्हते. लोक माणसांना बघत होते. माणसं माणसांना बघायला येतात, आणि हे त्याने मोजून दाखवलं.

पुढे शहराने याच मोजणीच्या आधाराने पावलं टाकली. 1962 मध्ये पायी चालायची जागा 15,800 चौरस मीटर होती, 1996 मध्ये ती 95,750 झाली. पार्किंग एकदम काढलं नाही. दर वर्षी दोन-तीन टक्के कमी केलं, त्यामुळे ओरड झाली नाही. एका झटक्यात काढलं असतं, तर 1962 चंच भांडण पुन्हा पेटलं असतं. 1993 मध्ये अमागेरटॉर्ववर ब्यॉर्न नॉरगॉर या कलाकाराने पाच रंगांच्या ग्रॅनाइटची फरशी घातली. आज मालाच्या गाड्या सकाळी अकराच्या आत येऊन जातात. दिवसा सायकल चालवता येत नाही, उतरून हातात धरून न्यावी लागते.