पहिल्या खेळाआधी
वस्तीतल्या थिएटरात परदेशी आणि स्वतंत्र चित्रपट कसे लागतात (निवेदन)

[दृश्य: एकपडदा थिएटरचं रिकामं प्रेक्षागृह. मागच्या भिंतीत केबिनची काच. आत ऑपरेटर सर्व्हरसमोर बसलेला.]

मोठा व्यावसायिक चित्रपट हजारो पडद्यांवर एकाच साच्यात येतो. सर्व्हरवर, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या संगणकावर चढवायचा, वेळ लावायची, बटण दाबायचं. वस्तीतल्या ज्या थिएटरात या आठवड्यात इराणी, पुढच्या आठवड्यात पोलंडचा जुना कृष्णधवल आणि मध्ये एका दुपारी नव्या दिग्दर्शिकेचा पहिलाच चित्रपट लागतो, तिथे असं चालत नाही. प्रत्येक चित्रपटाची चौकट वेगळी, गती वेगळी, आवाज वेगळा. त्यामुळे चांगले चित्रपट निवडणं हे इथलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं केबिनमध्ये, प्रेक्षक यायच्या आधी होतं.

सुरुवात परवानगीपासून. चित्रपटाचे हक्क देशानुसार विकले जातात. घरी बघायची डिस्क विकत घेतली म्हणून ती तिकीट लावून दाखवता येत नाही. देशात वितरक असेल तर त्याच्याशी बोलायचं, नसेल तर चित्रपटाचा परदेशातला सेल्स एजंट शोधायचा. सौदा बहुधा दोनपैकी एका प्रकारचा होतो: एका खेळाचे ठरावीक पैसे, नाहीतर तिकीटविक्रीतला वाटा आणि त्याला किमान रकमेची अट. याच पत्रात आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. चित्रपट कोणत्या स्वरूपात येणार, सबटायटल कोणत्या भाषेत आहेत आणि चित्रपटाचं डिजिटल कुलूप उघडणारी की (किल्ली) कोण बनवणार. हे विचारायचं राहिलं की पुढचा सगळा गोंधळ शेवटच्या दिवसावर येऊन पडतो.

[दृश्य: सर्व्हरमध्ये हार्ड डिस्क सरकवली जाते.]

चित्रपट येतो तो डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज म्हणून. ही एक फाइल नसते, एक फोल्डर असतो. चित्राची फाइल, आवाजाची फाइल, सबटायटल, आणि कुठल्या क्रमानं काय चालवायचं ते सांगणाऱ्या छोट्या याद्या. चित्राचा कमाल दर सेकंदाला २५० मेगाबिट. त्या दरानं दोन तासांचा चित्रपट २२५ गीगाबाइटपर्यंत जातो. जुन्या यूएसबी २ जोडणीवरून तो सर्व्हरवर उतरायला चित्रपटाच्या लांबीइतका वेळ सहज लागतो. त्यानंतर सर्व्हर एकेक फाइल मूळ नोंदीशी ताडून बघतो. डिस्क दुपारी आली आणि संध्याकाळी खेळ आहे, तर हे गणित जुळत नाही.

स्वतंत्र चित्रपटांच्या बाबतीत डिस्कच वाचली न जाणं ही नेहमीची अडचण. थिएटरचे सर्व्हर बहुतेक लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतात आणि त्यांना ईएक्सटी २ किंवा ३ या तिच्या साठवण पद्धतीची डिस्क लागते. दिग्दर्शकानं घरच्या संगणकावर भरलेली डिस्क वेगळ्या पद्धतीची असते, मग अनेक सर्व्हरना ती दिसतच नाही. उपाय सोपा आहे: केबिनमध्ये एक लिनक्सचा संगणक आणि एक मोकळी डिस्क कायम ठेवावी. दिग्दर्शकाकडे डीसीपीच नसेल, नुसती व्हिडिओ फाइल असेल, तर डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमधून डीसीपी बनवता येतो. पण तो आपल्याच पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय तिकिटं विकू नयेत.

आता की. डीसीपी कुलूपबंद असेल तर तो उघडायला केडीएम नावाची छोटी फाइल लागते. ती एका चित्रपटाच्या एका आवृत्तीसाठी, एकाच सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती असते. सर्व्हरमधला मीडिया ब्लॉक, म्हणजे कुलूप उघडून चित्र पुरवणारा भाग, दुरुस्तीत बदलला असेल तर त्याची ओळख सांगणारं डिजिटल प्रमाणपत्रही बदलतं. जुन्या प्रमाणपत्रावर बनलेली की मग लागत नाही. दुसरी चूक वेळेची. की शुक्रवारी सकाळी सुरू होणारी असेल, तर गुरुवारी रात्री तपासणी करताच येत नाही. आणि की बनवणारा दुसऱ्या खंडात बसलेला असतो, त्याच्या आणि आपल्या घड्याळात तासांचं अंतर असतं. म्हणून आपल्या स्थानिक वेळेचा स्पष्ट उल्लेख करून, पहिल्या खेळाच्या निदान २४ तास आधी उघडणारी की मागावी.

[दृश्य: सर्व्हरच्या पडद्यावर चित्रपटाचं लांबलचक नाव.]

हे लांबलचक नाव नीट वाचावं. त्यात चौकट असते, आवाजाची भाषा असते, सबटायटलची भाषा असते. सबटायटलच्या भाषेची खूण लहान रोमन अक्षरांत असेल तर ओळी चित्रातच छापलेल्या आहेत. मोठ्या अक्षरांत असेल तर त्या वेगळ्या फाइलमध्ये आहेत. दोन एक्स दिसले तर सबटायटल नाहीतच. शेवटी व्हीएफ लिहिलेलं असेल, तर ती फक्त पुरवणी आवृत्ती. चित्र मूळ ओव्ही आवृत्तीत असतं आणि तीही सर्व्हरवर चढवावी लागते. नुसती पुरवणी आली तर सर्व्हरच्या यादीत नाव दिसतं, पण चित्रपट चालत नाही.

परदेशी चित्रपटात सबटायटलवर सगळं अवलंबून असतं, म्हणून इथे घाई करू नये. डीसीपी आतून रिळांमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक रिळाची सबटायटल फाइल वेगळी असते. पहिली दहा मिनिटं व्यवस्थित गेली म्हणजे सगळं व्यवस्थित आहे असं नव्हे. दुसऱ्या रिळाची फाइल चुकली असेल तर ओळी तिथून पुढे संवादांपासून सुटतात. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीचा एक संवाद आणि चित्रपटातली शेवटची ओळ, एवढं बघितलंच पाहिजे.

एक दोष मात्र फाइलमध्ये नसतो, प्रेक्षागृहात असतो. जमिनीचा उतार कमी असेल तर पुढच्याचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं. मारामारीच्या चित्रपटात हे चालून जातं, इथे अर्धा संवाद जातो. तपासणीच्या वेळी मागच्या रांगेत बसून, पुढच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवून बघावं. अडत असेल तर चित्राची खालची कड वर घेता येते का ते पाहावं. नाहीतर खुर्च्या तिरक्या ओळीत बसवाव्यात. हवी ती भाषा प्रतीत नसेलच, तर पडद्याखालच्या पट्टीवर दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरनं ओळी टाकतात. त्यासाठी एक माणूस पूर्ण वेळ बसून संवाद ऐकत एकेक ओळ सोडतो. त्याला भाषा समजायला हवी आणि चित्रपट आधी पाहिलेला असायला हवा.

[दृश्य: पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे सरकतात.]

चौकट. टू के, म्हणजे सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीच्या डीसीपीत फ्लॅट (कमी रुंद) चित्र १९९८ बाय १०८० पिक्सेलचं, स्कोप (जास्त रुंद) २०४८ बाय ८५८ चं. जुन्या चित्रपटाची चौकट यापेक्षा अरुंद, उंचीच्या १.३७ पट रुंदीची. फ्लॅटमध्ये ती साधारण १४८० पिक्सेल रुंद बसते आणि दोन्ही बाजूंना काळं उरतं. ते काळं भरून काढायला कुणी चित्र मोठं केलं तर माणसांची कपाळं जातात आणि खालची सबटायटलही जातात. बाजूचे काळे पडदे आत घ्यावेत, चित्राला हात लावू नये.

गती. युरोपात टीव्हीच्या पैशातून झालेले चित्रपट पुष्कळदा सेकंदाला २५ फ्रेमनं चित्रित होतात. ते २४ वर आणले की १०० मिनिटांचा चित्रपट १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो. आवाजाची पट्टी दुरुस्त केली नसेल तर गाणारा माणूस खालच्या पट्टीत गायला लागतो. वेळापत्रक लावताना छापील लांबीवर विसंबू नये, सर्व्हर दाखवतो ती लांबी धरावी.

आवाजाच्या बाबतीत छोट्या थिएटरांत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. आवाज सांभाळणाऱ्या डॉल्बी प्रोसेसरवर ७ हा आकडा म्हणजे ज्या पातळीवर चित्रपटाच्या आवाजाचं मिश्रण झालं ती पातळी. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, तक्रार येते, कुणीतरी आकडा ५ वर आणतो आणि तो तिथेच राहतो. हा फरक जवळजवळ ६.७ डेसिबलचा. कुजबुजत बोलणाऱ्या पात्रांचा, पावसाच्या आवाजाचा, शांततेचा चित्रपट मग ऐकूच येत नाही. खेळाच्या यादीत जाहिरातींसाठी वेगळी पातळी नोंदवावी आणि मुख्य चित्रपटाआधी ७ वर परत यायची सूचना घालावी. जुन्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीत ध्वनी असलेल्या चित्रपटाचा आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून येतो. तो बिघाड नाही, बाजूचे स्पीकर जबरदस्तीनं चालू करू नयेत.

उजेडही मोजून घ्यावा. पांढऱ्या पडद्याच्या मध्यावर ४८ कँडेला प्रति चौरस मीटर, म्हणजे १४ फूट-लँबर्ट, हे प्रमाण. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा हळूहळू मंद होतो, रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. कृष्णधवल चित्रपटातल्या अंधारातले चेहरे गेले की कळतं.

[दृश्य: बाकावर फिल्मचं रीळ. सुती हातमोजे.]

काही थिएटरांत अजून ३५ मिमीची प्रत येते. मिनिटाला ९० फूट, २००० फुटांचं रीळ जास्तीत जास्त २२ मिनिटं, म्हणजे दोन तासांना सहा रिळं. आर्काइव्हची, म्हणजे चित्रपट संग्रहालयाची प्रत असेल तर रिळं कापून जोडायला सहसा मनाई असते, त्यामुळे दोन प्रोजेक्टर लागतात. रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात खूण येते, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरी खूण, तेव्हा बदल. त्याआधी प्रत्येक रीळ हातानं फिरवून जोड आणि कडेची छिद्रं तपासायची. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ती चालवण्याआधी पाठवणाऱ्याला कळवायचं.

राहिले शेवटचे दिवे. श्रेयनामावली सुरू होताच लख्ख उजेड करू नये. कमी पैशात झालेल्या चित्रपटात राबलेल्या माणसांची नावं दिसण्याची ती एकच जागा असते, आणि पुष्कळदा नावांनंतर आणखी एखादं दृश्य असतं. तपासणीत श्रेयनामावलीची सुरुवात आणि शेवट या दोन्ही वेळा टिपून ठेवाव्यात. पायऱ्यांचे दिवे पहिल्या वेळेला, छताचे दुसऱ्या.

खेळ झाले की तिकिटांचा हिशेब एजंटकडे जातो आणि डिस्क पुढच्या थिएटरकडे. डिस्कच्या डब्यात एक कागद ठेवावा: चौकट कोणती, सर्व्हरवरची लांबी किती, पहिलं सबटायटल कितव्या मिनिटाला, श्रेयनामावली कधी सुरू होते, कुठल्या रिळात काय खटकलं. पुढच्या ऑपरेटरची एक अख्खी संध्याकाळ त्यानं वाचते.