चार सूत उंबरठा

(वडोदऱ्यात इंटिरियर डिझाइनच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मला जिन्यातच गाठलं. ‘सर, एनसीआयडीक्यूला कुठली पुस्तकं वाचू?’ म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या इंटिरियर डिझायनरांच्या परीक्षेला. पुस्तकांचं बघू नंतर. आधी घरी जा आणि मोजायची टेप शोधा.

आपल्याकडे इंटिरियर डिझायनरला परवाना लागत नाही. १९७२च्या कायद्यानं ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखली, आपलं काम त्यात आलं नाही. अमेरिका-कॅनडात मात्र अनेक ठिकाणी नोंदणीसाठी ही परीक्षा पास व्हावी लागते. पहिला भाग १२५ प्रश्नांचा, तीन तास. दुसरा १७५ प्रश्नांचा, चार तास. मी दिली तेव्हा तिसरा प्रॅक्टिकमचा, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रश्नांचा होता. गुणांची पट्टी २०० ते ८००, पास व्हायला ५०० लागतात.

दुसऱ्या भागात मी पहिल्या खेपेला नापास झालो. इमारतींच्या नियमांचे आकडे पाढ्यांसारखे घोकले होते; प्रश्न जरा फिरवून आला की सगळे एकमेकांत मिसळायचे.

त्या दिवाळीला बडोद्याला आलो. रावपुऱ्यात आमच्या आत्याचं जुनं घर आहे. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, व्हीलचेअर आलेली, पण ती ओसरीवर काही येऊ शकत नव्हती. मी दार मोजलं. दोन फळ्यांचं दार, रोज एकच फळी उघडायची. वाट मिळायची २१ इंच. खुर्ची २५ इंचांची. अमेरिकेतला नियम सांगतो की दोन फळ्यांच्या दारात एका फळीनं ३२ इंच मोकळी वाट दिली पाहिजे, आणि ती मोजायची फळी काटकोनात उघडून, चौकट ते चौकट नव्हे. उंबरठा तीन इंच उंच होता. नियमात जास्तीत जास्त अर्धा इंच. आपला मिस्त्री त्याला चार सूत म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ज्या मुलांनी सुताराशेजारी बसून ऐकलंय, त्यांना तिथले फूट-इंच परके वाटणार नाहीत.

उतार एकास बारा. तीन इंच चढायला छत्तीस इंच लांबी. मिस्त्रीनं तीन फुटांचा लाकडी उतार करून दिला, दुसऱ्या फळीची कडी काढली. संध्याकाळी आत्या ओसरीवर येऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागली. तो आकडा मी पुन्हा कधी विसरलो नाही.

आता तिथल्याच नियमांनी एक उदाहरण करून बघू. ३० बाय ३० फुटांचं रेस्टॉरंट, टेबल-खुर्च्या मांडलेलं. माणशी १५ चौरस फूट धरायचे. ९०० भागिले १५, साठ माणसं. एकोणपन्नासच्या वर गेलात, म्हणून दोन दारं हवीत, आणि दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी. धुरात माणसं दाराला रेटतात, आत उघडणारं दार मग उघडतच नाही. ही दोन दारं शेजारी-शेजारी ठेवून चालत नाहीत. खोलीचा कर्ण साधारण ४२ फूट, त्याच्या निम्म्याइतकं, म्हणजे निदान २१ फूट अंतर हवं. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ, बसवलेत तर एक तृतीयांश, १४ फूट. हे पाठ करू नका. एकदा खडूनं जमिनीवर आखा आणि डोळे मिटून एका दारातून दुसऱ्यापर्यंत चालून बघा.

रविवारी सकाळी आठ वाजता खंडेराव मार्केटच्या दाराशी जमू या. टेप, वही आणि पेन्सिल आणा. आधी दारं मोजू, मग माणसं.